नारळ नदीत गेला, भांडण घरातच राहिलं

मावशी, सलाम.

वडगाव शेरीहून लिहिते आहे. वय ३६. आठ महिन्यांपूर्वी मिस्टरांची चाकणची नोकरी गेली. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून गोळ्या सुरू केल्यात. सासूबाईंचे गुडघे, मुलीचा अभ्यास, माझी नोकरी, सगळं माझ्यावर. आमच्या प्रार्थना सभेतले एक ब्रदर घरी येऊन गेले. म्हणाले, घरावर बंधन आहे, कोणी नारळ-लिंबू आणून दिलं होतं का? मला आठवलं, मोठ्या जाऊबाईंनी माहेराहून, देवगडहून येताना नारळ आणला होता. त्या हिंदू घरातल्या आहेत. ब्रदर म्हणाले, तेच, आणि सभेतही दहा-पंधरा माणसांसमोर तसंच सांगितलं. मी तो नारळ बंडगार्डनच्या पुलावरून नदीत टाकला. सगळ्या दारांना तेलाचे क्रूस काढले. ५,००० रुपये विश्वासाचं बी म्हणून दिले. २१ दिवस झाले, पहाटे तीनला उठून सैतानाला धमकावते, दुपारपर्यंत उपास करते. जाऊबाईंशी बोलणं बंद केलंय. ब्रदर म्हणतात, गोळ्यांनी आत्मा आत दबून राहतो, विश्वासानं बंद करा. घरात मात्र आधीपेक्षा वाईट चाललंय. नऊ वर्षांची मुलगी रात्री एकटी बाथरूमला जात नाही. ब्रदर म्हणतात, आत्मिक लढाई पेटलीय म्हणून असं होतंय. मी कुठं कमी पडते आहे?

– एक थकलेली बहीण

बाळ, सलाम.

आधी गोळ्यांचं बोलू. बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही. गोळ्या बंद करू नकोस. मी एकतीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, त्यामुळे हे पाळकाची विधवा म्हणून नाही, सिस्टर म्हणून सांगते. डिप्रेशनच्या गोळ्या एका दिवसात सोडल्या की चक्कर येते, मळमळतं, झोप उडते, माणूस चिडचिडा होतो, अंगातून झिणझिण्या गेल्यासारखं वाटतं. आणि मग हेच ब्रदर म्हणतील, बघा, आत्मा बाहेर पडताना त्रास देतोय. दुखणं परत उलटलं तर ते वेगळंच. गोळी कमी करायची असेल, बदलायची असेल, तर ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारायचं. ह्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात. 'पंधरा दिवस झाले, फरक नाही' म्हणून सोडणारे मी खूप पाहिले. आणि मिस्टर जर कधी 'आता जगून काय करायचं' असं काही बोलले, अगदी सहज बोलले, तरी त्यांना एकटं ठेवू नकोस आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठ. सरकारची टेली-मानस म्हणून सेवा आहे, १४४१६ वर, दिवसरात्र, मराठीतही बोलतात. नंबर आत्ताच मोबाईलमध्ये घालून ठेव.

विश्वास कमी आहे म्हणून गोळी, असं समजू नकोस. बायबलमधला प्रेषित पौल ज्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो तो लूक त्याच्याबरोबर प्रवासात असायचा. त्याच्या तरुण साथीदाराचं, तीमथ्याचं, पोट सारखं बिघडायचं, तर पौलानं पोटदुखीचा आत्मा धमकावला नाही. नुसतं पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घेत जा, असं लिहून पाठवलं. त्या काळचं औषधच ते.

आता नारळ.

तुझं पत्र वाचताना मी हसले, माफ कर. डोळ्यांपुढे चित्र आलं ना. एक ख्रिस्ती बाई भर रहदारीत बंडगार्डनच्या पुलावर स्कूटर लावते, पिशवीतून नारळ काढते आणि नदीत सोडते. शेजारून जाणाऱ्याला वाटलं असेल, बाईचा नवस फिटला. करणीला घाबरून तू जे केलंस ते हुबेहूब करणी उतरवणाऱ्यासारखंच झालं, फक्त तोंडी नाव येशूचं होतं. देवगडचा नारळ होता गं. वड्या करायच्या होत्यास.

पण हसून सोडून देण्यासारखं हे नाही, कारण त्या नारळाबरोबर तू तुझ्या जावेलाही पुलावरून टाकलंस. जाऊ काय करते, कुठल्या देवळात जाते, हा तिचा आणि देवाचा प्रश्न. तिनं माहेरचं काहीतरी आपुलकीनं आणलं, आणि तुमच्या सभेत दहा-पंधरा माणसांसमोर तिच्यावर करणीचा आळ आला. २०१३ साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अमक्यानं करणी केली म्हणून त्याचं जगणं अवघड करणं हा त्यात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्टला ह्याच पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या आणि त्यानंतर चारच दिवसांत त्याचा अध्यादेश निघाला. दाभोलकर देव मानत नव्हते, मी मानते. ह्या कलमापुरती मात्र मी पूर्ण त्यांच्या बाजूची आहे.

ह्याचा अर्थ मावशी सैतान मानत नाही, असा घेऊ नकोस. मानते. रात्रपाळीला काही मरणं अशी पाहिलीत, काही घरं अशी पाहिलीत, की माणसाच्या पलीकडचा कोणीतरी दुष्टपणा चालवतोय हे मला कुणी पटवून द्यावं लागत नाही. प्रश्न एवढाच, की तो कुठल्या दारानं आत येतो.

तू जो पौलाच्या इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय, सैतानाशी लढायच्या शस्त्रसामग्रीचा, रोज पहाटे मोठ्यानं वाचतेस (वाचतच असशील, तीनला उठणारे सगळे तोच वाचतात), तो कुणाला लिहिलाय ते आधी बघ. इफिस शहर म्हणजे जादूटोण्याची बाजारपेठ. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९ काढ. तिथं स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे येशूचं नाव मंत्रासारखं वापरून भुतं काढायला गेले. भूत म्हणालं, येशूला मी ओळखतो, पौल मला माहीत आहे, पण तुम्ही कोण? आणि त्या माणसानं सातही जणांना असं बदडलं की ते उघडेनागडे, रक्तबंबाळ होऊन पळाले. ही बातमी गावभर झाली तेव्हा विश्वास ठेवणाऱ्यांनी काय केलं? पुढे येऊन स्वतःची कृत्यं कबूल केली. शेजाऱ्याची नाही, जावेची नाही, स्वतःची. आणि घरातली मंत्रतंत्राची पुस्तकं आणून सगळ्यांदेखत जाळली. किंमत काढली तर ५०,००० रुपे भरली. म्हणजे चांदीची तेवढी नाणी, आणि एक नाणं म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज.

असल्या लोकांना पौल पुढे सैतानाशी लढायचं कसं ते लिहितो. त्यांना नवा, जास्त जालीम मंत्र देणं किती सोपं होतं! दिला नाही. सत्य दिलं, नीतिमत्त्व दिलं, शांतीच्या सुवार्तेच्या वहाणा दिल्या. ह्यातली एकही वस्तू बाटलीत भरून मिळत नाही.

आणखी एक. बायबलला अध्यायांचे आकडे तेराव्या शतकात पडले. पौलाच्या कागदावर ते नव्हते. शस्त्रसामग्रीच्या ओळींच्या लगेच आधी काय आहे ते सलग वाचून बघ. नवरा-बायको. आईबाप आणि मुलं. मालक आणि दास. घरात एकमेकांशी कसं वागायचं, कुणावर आवाज चढवायचा नाही, मुलांना चिडीस आणायचं नाही, हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणतो, आता शेवटचं, सामर्थ्यवान व्हा, आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. लढाईची जागा त्यानं आधीच दाखवून दिलीय आणि ती तुझ्या स्वयंपाकघरात आहे, दाराच्या चौकटीवर नाही. त्याच्याही आधी, चौथ्या अध्यायात, सैतान आत कसा येतो ते सरळ सांगितलंय: रागात असताना सूर्य मावळू देऊ नका, सैतानाला वाव देऊ नका. वाव. म्हणजे जागा. लोकलमध्ये तिघांच्या सीटवर चौथा जसा 'जरा सरका' म्हणत टेकतो ना, तेवढी जागा त्याला पुरते. ती नारळातून मिळत नाही, रात्री न मिटवलेल्या भांडणातून मिळते.

दारांना तेल लावलंस म्हणतेस. याकोबाच्या पत्रात तेल आहे, पण ते आजारी माणसाला लावायचं आहे, वडीलधाऱ्यांनी येऊन, प्रार्थना करून. लाकडाला नव्हे. गंमत बघ, पौल विश्वासाची ढाल म्हणतो, तिथं ढालीसाठी जो ग्रीक शब्द आहे तो 'दार' ह्या शब्दापासूनच आलाय. दाराएवढी उंच, रोमी शिपायाची ढाल. शिपाई ओळीनं उभे राहून ती एकमेकांच्या ढालीला भिडवायचे, तेव्हा भिंत तयार व्हायची. एकट्याची ढाल फक्त समोरून वाचवते. आणि ह्या अख्ख्या उताऱ्यात पौल 'तू' म्हणत नाही, 'तुम्ही' म्हणतो. ते आदरार्थी नाही गं, अनेकवचन आहे. पहाटे तीनला बंद खोलीत एकटीनं ओरडणं हे त्या चित्रात कुठंच बसत नाही.

तू काय ओरडतेस तेही पत्रात आहे, तुझ्या नकळत. नवऱ्यात आत्मा आहे. जावेनं केलंय. मी कमी पडते आहे. तीन वाक्यं, तिन्ही आरोप. सैतान ह्या इब्री शब्दाचा अर्थच विरोधात उभा राहणारा, कोर्टात आरोप ठेवणारा. बायबलमधल्या जखऱ्याच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात तो अगदी तसाच दिसतो. यहोशवा मुख्य याजक मळक्या कपड्यांत उभा आहे, उजव्या हाताला सैतान, आरोप करायला. आरोप खोटा नाहीये, कपडे खरोखर घाण आहेत. परमेश्वर काय करतो? सैतानाला गप्प बसवतो आणि त्या माणसाचे कपडे बदलायला लावतो. त्या खोलीत आरोप करणारा कोण आणि कपडे आणणारा कोण, ते बघ. आणि मग मला सांग, २१ दिवस तुझ्या घरात कुणाचं काम तुझ्या तोंडून होतंय?

हे वाचून आणखी एक आरोप स्वतःवर घेऊ नकोस. माझंही हेच झालेलं आहे.

पाळकसाहेब होते तेव्हाची गोष्ट. ख्रिसमसला आमच्या स्त्री-मंडळाच्या करंज्या असायच्या, विक्रीचे पैसे गरिबांना. एका वर्षी हिशेबात साठ करंज्या कमी भरल्या, आणि मी सगळ्यांदेखत एका बाईंना म्हणाले, 'तुमच्याकडे डबा होता ना?' एवढंच. पण स्वर. त्या उठून गेल्या. पुढची तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो नाही. मंडळीत दोन तट पडले आणि मी काय केलं असेल? दर शुक्रवारी उपास करून मंडळीवरच्या सैतानाच्या हल्ल्याविरुद्ध प्रार्थना! अगदी मनापासून, रडून. करंज्या दुसऱ्याच डब्यात निघाल्या होत्या, तिसऱ्याच दिवशी. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी एकदा त्यांचे मिस्टर दवाखान्यात होते, तेव्हा मी डबा घेऊन गेले आणि दारातच बोलले जे बोलायचं ते. त्यांनी डबा घेतला. आत या म्हणाल्या नाहीत. पुढच्या रविवारी डबा परत आला, घासलेला, रिकामा. आपल्यात रिकामा डबा कुणी परत देत नाही, ते मला बरोबर कळलं. मात्र दारात बोलून आले त्या रात्री मला झोप लागली. आमचं पुढे कधी फारसं जमलं नाही. तशी मी आजही अधूनमधून गुरुवार पेठेतून जाते, पंचहौद चर्चचा घंटेचा मनोरा दिसला की त्या बाई आठवतात, कारण त्यांचं घर तिथं मागच्या गल्लीत होतं.

केडगावला कधी गेली आहेस? दौंडच्या गाडीनं जाता येतं. तिथं पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं. आपल्याकडे सगळे त्यातलं आत्म्याचं सामर्थ्य सांगतात, रात्र-रात्र चाललेल्या प्रार्थना सांगतात. त्या मुली ढसाढसा रडत होत्या त्या स्वतःची पापं कबूल करत, हे मात्र सांगताना मागे पडतं. इफिसमध्ये झालं तेच. आणि एवढं होऊनही रमाबाईंच्या घरात दुःख थांबलं नाही. सगळं काम जिच्या हाती द्यायचं ती एकुलती एक मनोरमा १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. बायबलच्या भाषांतराचं काम तेव्हाही चालूच होतं. ते हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. त्यांच्यावर बंधन होतं म्हणशील? पौलाच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही. लढाई जिंकल्याची खूण म्हणून नोकरी परत मिळते, गुडघे बरे होतात, असं ज्यांनी तुला शिकवलं त्यांनी हे सगळं वगळून शिकवलं.

आता तीनचा गजर. बंद कर. नोकरी, घर, उपास आणि चार तास झोप, अशा माणसाला तीन आठवड्यांत भिंतीवर सावल्या दिसायला लागतात, त्याला भूत लागत नाही. एलीया एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर जिंकून आला आणि झुडपाखाली पडून म्हणाला, देवा, पुरे, मला मरू दे. देवदूतानं त्याला धमकावलं नाही. भाकर भाजून दिली, पाणी दिलं. तो परत झोपला, मग परत उठवून परत खायला घातलं. जेव, आणि रात्री साडेदहाला झोप. स्तोत्र १२१ म्हणतं, इस्राएलाचा रक्षक झोपत नाही, त्याला डुलकीही लागत नाही. तो जागा आहे तर तू कशाला पहारा करतेस?

हेच स्तोत्र मुलीला शिकव. पण त्याआधी तिच्याजवळ बसून सांग, आईचं चुकलं, आपल्या घरात भूत नाही. असंच सांग, गोलगोल नको. तिनं तुला रात्री अंधारात ओरडताना ऐकलंय, गं. ती भुताला नाही, तुला घाबरली आहे. पॅसेजमध्ये एक छोटा दिवा लाव, काही दिवस बाथरूमच्या दाराशी उभी राहा.

मिस्टरांच्या अंगावर हात ठेवून प्रार्थना करायची तर त्यांना आधी विचार. नाही म्हणाले तर शेजारी बस, चहा दे. आठ महिने पगाराशिवाय घरात बसलेल्या पुरुषाला पहाटे तीनला शेजारच्या खोलीतून काय ऐकू येत असेल, ह्याचा विचार कर.

५,००० रुपये गेले. पुढचे देऊ नकोस, सोसायटीचा मेंटेनन्स भर. ब्रदरांना घरी बोलावू नकोस. भांडूही नकोस, 'डॉक्टरांचं चालू आहे' एवढंच म्हण. आणि तुमच्या मंडळीच्या पाळकांना हे सगळं जाऊन सांग, कारण औषधं बंद करायला सांगणारा माणूस आणखी चार घरांत जात असणार.

राहता राहिली जाऊ. तिला फोन कर, मेसेज नको. नारळ नदीत टाकला हे खरं सांगायचं की नाही, ह्यावर मी दोन दिवस विचार करत होते. सांग. कुठूनतरी तिला कळणारच आहे, सभेत पंधरा माणसं होती. ती चिडेल, कदाचित फोन ठेवेल. ठेवू दे. पुढच्या आठवड्यात पुन्हा कर.

आणि दारांचं तेल कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून पुसून काढ. खोबरेल असेल तर दोनदा पुसावं लागेल. तसंच राहिलं तर त्यावर धूळ बसते आणि क्रूसाच्या आकाराचे काळे डाग पडतात, ते रंग दिल्याशिवाय जात नाहीत.

– मावशी